सर्व्हरने किती काम करायचं, हे ठरवतं कोण? (वेबसाइटचा वेग आणि सुरक्षितता)

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या पतसंस्था, शाळा, वाचनालयं आणि काही व्यापाऱ्यांच्या साइट मी सांभाळतो. बहुतेक सगळं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). फोन येतो तो दोनपैकी एका तक्रारीचा: "साइट झोपलीय" नाहीतर "साइटमध्ये कोणीतरी घुसलंय". गिऱ्हाईक या दोन वेगळ्या तक्रारी समजतं. आपण कोड लिहिणारेही तसंच समजतो. वेगाचं नंतर बघू, सिक्युरिटीचं ऑडिटवाले बघतील, असं चालतं.

मला वाटतं कोडची प्रत्येक ओळ वाचताना एकच प्रश्न विचारावा. इथे सर्व्हरने काय काम करायचं आणि किती करायचं, हे मी ठरवलंय की बाहेरून आलेल्या माणसाने? उत्तर "बाहेरच्याने" असेल तर ती ओळ आज ना उद्या साइट झोपवणार, नाहीतर कोणाला तरी आत घेणार. कित्येकदा दोन्ही.

"काय काम" हा भाग जुना आहे. एसक्यूएल इंजेक्शनची जाहीर मांडणी जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या ई-नियतकालिकाच्या ५४व्या अंकात केली. फॉर्ममधून आलेला मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जसाच्या तसा चिकटवला, की तो मजकूर राहत नाही, हुकूम होतो. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीतून सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. दुसऱ्या कंपनीचा व्यवसाय विकत घेताना तिची जुनी पानं सोबत आली होती, त्यातली तीन उघडी होती. डेटाबेसमधल्या दोषावरचा उपाय तीन वर्षांहून जास्त काळ उपलब्ध होता आणि तो कोणी बसवला नव्हता. नियामकाने ४ लाख पौंड दंड केला. आपल्याकडच्या किती संस्थांच्या साइटवर "जुनं पान, असू दे" म्हणून ठेवलेली पानं आहेत, जरा आठवून बघा.

उपाय सगळ्यांना पाठ आहे: प्रीपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीचा सांगाडा आधी जातो, डेटाबेस त्याचा अर्थ लावून ठेवतो, किंमत मागाहून येते. मागाहून आलेल्या किमतीला सांगाडा बदलता येत नाही. पण एक लक्षात ठेवा. कॉलमचं नाव, टेबलचं नाव, चढता-उतरता क्रम या गोष्टी अशा बांधता येत नाहीत. म्हणून ज्या साइटवर बाकी सगळं नीट असतं, तिथेही "यानुसार लावा" हा ड्रॉपडाउन उघडा सापडतो. तिथे चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवायची आणि यादीबाहेरचं काही आलं तर ठरलेला क्रम वापरायचा. मायएसक्यूएलचे जुने फंक्शन पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ च्या शेवटी, काढून टाकले गेले. तरी ते वापरणारा कोड घेऊन जुन्या पीएचपीवर अडकलेल्या साइट अजून माझ्याकडे येतात.

आता "किती काम", कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एका पतसंस्थेत काउंटरवरून सभासद शोधताना पान उघडायला काही सेकंद लागायचे. मोबाइल नंबरच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेली सूची) होता. क्वेरी सरळ होती. आधीच्या डेव्हलपरने इंजेक्शन होऊ नये म्हणून आलेला नंबर पूर्णांकात बदलून घेतला होता, म्हणजे काळजी घेतलेली होती. कॉलम मात्र अक्षरांचा, व्हारकॅर. अक्षरांच्या कॉलमची तुलना आकड्याशी करायला लावली की मायएसक्यूएल टेबलच्या प्रत्येक ओळीतली अक्षरं आकड्यात बदलून बघतो. '12', ' 12' आणि '12abc' हे तिन्ही आकडा म्हणून बाराच होतात, त्यामुळे अक्षरांच्या क्रमाने लावलेला इंडेक्स तिथे कामाचाच नाही. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालवणार हे डेटाबेसलाच विचारणं) लावलं तर "शक्य इंडेक्स" या रकान्यात नाव दिसत होतं, "वापरलेला इंडेक्स" रिकामा, आणि ओळींच्या रकान्यात अख्खं टेबल. एक्सप्लेननंतर लगेच शो वॉर्निंग्ज चालवलं, तर डेटाबेस स्वतःच सांगतो की प्रकार बदलावा लागतोय म्हणून इंडेक्स वापरता येत नाही. नंबर अक्षरं म्हणून बांधून पाठवला. पान लगेच उघडायला लागलं.

दुसरं नेहमीचं म्हणजे पानं पाडणं. पत्त्यात "एका पानावर किती" हा आकडा येतो आणि कोड तो मुकाट्याने मान्य करतो. कोणी तिथे एक लाख टाकलं तर? सर्व्हर बसतो, आणि नाही बसला तर सगळी यादी एका फटक्यात त्याच्या हातात जाते. वरची मर्यादा कोडमध्येच हवी. आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) मोठा होत गेला की डेटाबेस तेवढ्या ओळी वाचून फेकून देतो. त्यापेक्षा "या क्रमांकाच्या पुढच्या वीस" असं मागावं, इंडेक्सवरून थेट तिथे पोचता येतं.

तुमच्या कामात अशा ओळी कुठे सापडल्या, लिहा. पीएचपीवाल्यांनीच लिहावं असं नाही.

---

नवीकोरी

कृष्णाकाठी दादा, धागा फार उपयोगी आहे. मी वर्षभरापूर्वी कामाला लागले, लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क (साइट उभारायचा तयार पाया) वापरते. आमच्या टीममध्ये सगळे म्हणतात की फ्रेमवर्क आहे, इंजेक्शनची चिंता करू नकोस. क्वेरी मी हाताने लिहीतच नाही. मग मला या गोष्टींचा किती विचार करायला हवा? आणि एक्सप्लेन कुठे लावायचं, क्वेरीच दिसत नाही तर?

---

टर्मिनलताई

नवीकोरी, प्रश्न अगदी योग्य विचारलास. फ्रेमवर्क सांगाडा सांभाळतं. किंमत कुठल्या प्रकारची आहे हे तूच सांभाळायचं.

कृष्णाकाठींनी व्हारकॅर आणि आकड्याचं जे उदाहरण दिलं, त्याची दुसरी बाजू सांगते. पासवर्ड विसरल्यावर ईमेलने जी लिंक जाते, तिच्यात एक टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरं) असतं. ते टेबलमध्ये व्हारकॅर कॉलममध्ये ठेवलेलं असतं. समज, तू स्वतः लिहिलेल्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामने विनंती पाठवायची वाट) आलेलं टोकन थेट व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, दिलंस. फॉर्ममधून आलं तर ते नेहमी अक्षरंच असतं. जेसनमधून (एपीआयला माहिती पाठवायचा साचा) मात्र समोरचा अवतरणचिन्ह न लावता नुसता 0 पाठवू शकतो. लारावेल पूर्णांक आला की पूर्णांक म्हणूनच बांधतं. मायएसक्यूएलकडे प्रश्न जातो: टोकन बरोबर शून्य असलेली ओळ दे. अक्षराने सुरू होणारं प्रत्येक टोकन आकड्यात बदलताना शून्य होतं. टोकन माहीत नसताना कोणाचं तरी खातं उघडलं! प्रीपेअर्ड स्टेटमेंट आहे, इंजेक्शन कुठेच नाही, तरी घर उघडं. २०१३ मध्ये रेल्स या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कच्या मंडळींमध्ये यावर बरीच चर्चा झाली होती, मूळ कारण हेच.

उपाय एका शब्दाचा आहे. व्हॅलिडेशनमध्ये (आलेली माहिती तपासताना) "स्ट्रिंग", म्हणजे अक्षरंच हवीत, हा नियम लाव, म्हणजे आकडा आला की विनंती तिथेच परत जाते. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस अशी तुलना करायलाच नकार देतो, सरळ एरर देतो. मला ते आवडतं.

पीएचपीतसुद्धा दोन बरोबर चिन्हांनी (==) हॅश (मजकुरातून गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी ओळख) किंवा टोकन ताडू नका. '0e' ने सुरू होऊन पुढे फक्त आकडे असलेल्या दोन वेगळ्या स्ट्रिंग दोन बरोबर चिन्हांना सारख्याच वाटतात, कारण दोन्हीची किंमत शून्य. हे पीएचपी ८ मध्येही तसंच आहे. टोकन ताडायला हॅश-इक्वल्स हे फंक्शन आहे, तेच वापरायचं.

क्वेरी दिसत नाही म्हणालीस, तर डेव्हलपमेंटमध्ये क्वेरी लॉग चालू कर आणि एक पान उघड. पन्नास बातम्यांची यादी दाखवायला एक्कावन्न क्वेरी गेलेल्या दिसल्या तर समजून जा: यादीची एक आणि प्रत्येक बातमीच्या लेखकाचं नाव आणायला एक-एक. लारावेलमध्ये "विथ" ने नाती आधीच मागवता येतात. शिवाय न मागवता नातं वापरलं तर एरर देणारी एक सेटिंग आहे, ती डेव्हलपमेंटमध्ये कायम चालू ठेव. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड आहेत.

---

डोंगरवाट

धागाकर्त्यांचं तत्त्व चांगलं आहे, पण मला ते सगळीकडे लागू होतंय असं वाटत नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे लॉज, कृषी पर्यटनवाले, एक-दोन देवस्थानं. वर्षाचं होस्टिंग घेतानाच घासाघीस होते. सगळं वर्डप्रेस. मी स्वतः कोडच्या मोजक्या ओळी लिहितो. माझ्या साइट झोपतात त्या पाच-पाच एमबीच्या फोटोंमुळे, आणि हॅक होतात त्या जुन्या प्लगइनमुळे. यात "ही ओळ कोणी ठरवली" याला काय अर्थ?

मोठ्यांचं तेच. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्यांनी वापरलेल्या स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधला दोष मार्चच्या सुरुवातीला जाहीर झाला, दुरुस्तीही तेव्हाच आली. मे महिन्यात चोर आत होते. तिथे कोणाच्या ओळीचा प्रश्न नव्हता, अपडेट न केल्याचा होता.

---

कृष्णाकाठी

डोंगरवाट, हे तुमचं बरोबर आहे आणि अपडेटला पर्याय नाही. तुमच्या जागी मी पहिलं काम तेच करीन: वापरात नसलेली प्लगइन नुसती बंद न करता काढून टाकणं, बाकीची आपोआप अपडेट होतील असं लावणं, आणि बॅकअप त्याच होस्टिंगवर न ठेवता दुसरीकडे ठेवणं. यात कोडची एकही ओळ नाही.

पण स्ट्रट्सचा दोष बघा काय होता. विनंतीसोबत येणाऱ्या एका हेडरमधला (विनंतीची माहिती देणाऱ्या ओळीतला) मजकूर एररचा संदेश बनवताना हुकूम म्हणून चालवला जात होता. बाहेरून आलेला मजकूर, सर्व्हरचं काम. ती ओळ इक्विफॅक्सच्या माणसांनी लिहिली नव्हती एवढंच. दुसऱ्याने लिहिलेली ओळ आपण बसवली की ती आपलीच.

तुमच्या पाच एमबीच्या फोटोंचंही असंच आहे. फोटो अपलोड करून घेताना आकार, मोजमाप आणि खरा प्रकार तपासला का, नाव बदलून साठवलं का, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद आहे का? ज्या फॉर्ममधून अवाढव्य फोटो येतो, त्याच फॉर्ममधून फोटोचं नाव लावलेली पीएचपी फाइल येते. वर्डप्रेसच्या घुसखोरीत अपलोड फोल्डरमध्ये पडलेली एक छोटी पीएचपी फाइल मी वारंवार बघतो.

---

रात्रपाळी

मी सर्व्हरच्या बाजूचा माणूस, कोड कमी लिहितो, पण "किती काम" हे रोज डोळ्यांसमोर असतं. तीन खरे प्रसंग देतो, तिन्ही जाहीर आहेत.

एक, स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट), २० जुलै २०१६. साइट ३४ मिनिटं बंद. कारण एका पोस्टमधल्या सलग सुमारे वीस हजार मोकळ्या जागा. ओळीच्या शेवटची रिकामी जागा छाटायला एक रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचा नियम) लावलं होतं. ते प्रत्येक जागेपासून सुरुवात करून शेवटपर्यंत जायचं, शेवटी रिकामी जागा नाही म्हणून परत फिरायचं आणि पुढच्या जागेपासून पुन्हा सुरू. वीस हजारांचा वर्ग भागिले दोन, म्हणजे वीस कोटींच्या आसपास तपासण्या. ती पोस्ट मुखपृष्ठाच्या यादीत होती आणि लोड बॅलन्सर (सर्व्हरमध्ये विनंत्या वाटणारी यंत्रणा) सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला मुखपृष्ठच उघडत होती. त्यामुळे एकेक सर्व्हर मेला समजून बाजूला काढला गेला. कोणी हल्ला केला नव्हता. पण ठरवून तसाच मजकूर टाकणाऱ्याला वेगळं काय करावं लागलं असतं?

दोन, जँगो, सप्टेंबर २०१३. पासवर्डचा हॅश मुद्दाम सावकाश काढायचा असतो, म्हणजे चोराला कोट्यवधी अंदाज बांधता येत नाहीत. पण पासवर्डच्या लांबीला मर्यादा नव्हती. एक एमबीचा पासवर्ड पाठवला तर तपासायला साधारण एक मिनिट लागायचा. चुकीचाच पासवर्ड, तरी मिनिटभर सीपीयू खाल्ला. जँगोने तातडीने दुरुस्ती काढली. सुरक्षेसाठी घातलेलं सावकाश काम किती वेळा आणि केवढ्यावर करायचं हेही आपणच ठरवायला हवं, म्हणून लॉगिनला लांबीची मर्यादा आणि प्रयत्नांची मर्यादा दोन्ही हव्यात.

तीन, स्टीम (व्हिडिओ गेम विकणारी साइट), २५ डिसेंबर २०१५. नाताळच्या सेलमध्ये साइटवर हल्ला झाला, वाहतूक प्रचंड वाढली. भार पेलायला कॅशचे (बनवलेलं पान साठवून पुन्हा देण्याच्या सोयीचे) नियम घाईने बदलले, आणि लॉगिन केलेल्या लोकांची पानं कॅशमध्ये जाऊन भलत्यांनाच दिसू लागली. सुमारे ३४ हजार लोकांची पानं अशी दिसली असतील, असं कंपनीने नंतर सांगितलं. पत्ते, कार्डाचे शेवटचे आकडे, खरेदीचा इतिहास.

म्हणून माझा हट्ट असतो की जे पान माणसागणिक बदलतं, त्याच्या उत्तरातच "साठवू नका" हे हेडर कोडमधून गेलं पाहिजे. कॅश लावणारा माणूस रात्री दोन वाजता दडपणाखाली असतो, त्याला कुठलं पान खासगी आहे ते माहीत नसतं. ते कोड लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

---

दुसऱ्याअंकाचा

रात्रपाळींच्या दुसऱ्या मुद्द्याला देवनागरीची जोड देतो. आम्ही एका वाचनालयाची सूची ऑनलाइन केली, सभासदांची नावं, पुस्तकांची नावं सगळं मराठीत. तिथे दोन गोष्टी समोर आल्या, ज्या इंग्रजी लेखांमध्ये सहसा सापडत नाहीत.

पहिली बीक्रिप्टची, म्हणजे पासवर्डचा हॅश काढायच्या एका पद्धतीची. पीएचपीत पासवर्ड-हॅश नेहमीच्या पद्धतीने वापरलं तर आत बीक्रिप्ट असतं, आणि ते पहिले ७२ बाइटच बघतं. पुढचं गुपचूप सोडून देतं. इंग्रजीत ७२ अक्षरांचा पासवर्ड कोण ठेवतं? पण यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'कृष्णामाई' यात नऊ चिन्हं, २७ बाइट. म्हणजे २४ चिन्हांनंतर काहीही लिहा, चालतं. एखाद्याने आवडत्या अभंगाची ओळ पासवर्ड म्हणून ठेवली, तर ओळीचा उत्तरार्ध चुकला तरी दार उघडेल. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच दोष दुरुस्त केला. कॅशची किल्ली बनवताना त्यांनी आयडी, युजरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिले होते. युजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं की ठरावीक परिस्थितीत पासवर्डाशिवाय लॉगिन होऊ शकत होतं. पीएचपी ७.३ पासून अर्गॉन२आयडी ही दुसरी पद्धत वापरता येते, तिला ही ७२ बाइटांची अट नाही. नवीन साइटला तीच लावा. जुन्या साइटवर माणसाने बरोबर पासवर्ड टाकून लॉगिन केलं की त्याच क्षणी नवा हॅश काढून ठेवता येतो, पासवर्ड-नीड्स-रीहॅश त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट 'ऱ्य' ची. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात निदान तीन प्रकारे साठतो. काही कीबोर्ड ऱ हे एकच चिन्ह पाठवतात. काही ठिकाणी साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं येतात. काही ठिकाणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं येतं. पडद्यावर तिन्ही सारखेच. एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. परिणाम असा की 'साताऱ्याचे' असं नाव असलेलं पुस्तक शोधून सापडत नाही, वाचक पुन्हा पुन्हा शोधतो, आणि मग कोणीतरी डेव्हलपर वैतागून दोन्हीकडे टक्क्याची चिन्हं लावून लाइक क्वेरी टाकतो. सुरुवातीलाच टक्का आला की साधा इंडेक्स गेला. पुन्हा अख्खं टेबल.

आम्ही मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि शोधासाठी वेगळा कॉलम केला. त्यात साठवतानाच तिन्ही रूपं एका रूपात आणतो, शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून जातो. हाच नियम युजरनेमला लावला नाही तर दिसायला अगदी सारखी दोन खाती उघडता येतात. एकाचं नाव लावून दुसऱ्याने लिहिलेलं कोणाला ओळखू येणार?

आणि एक कळकळीची विनंती: "सुरक्षेसाठी" नावांच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असे नियम लिहू नका. इंजेक्शन थांबवायचं काम प्रीपेअर्ड स्टेटमेंटचं आणि पान दाखवताना करायच्या एस्केपिंगचं (मजकूर कोड म्हणून चालणार नाही असं करणं). माणसाचं नाव कापायचं कारण नाही.

---

नवीकोरी

ऱ्य चं हे माहीतच नव्हतं. आमच्या शोधाच्या तक्रारींचं कारण हेच असावं असं वाटतंय. उद्याच बघते.

---

अभ्यासिका

विषय निघालाच आहे तर निकालाच्या दिवसाबद्दल बोलू. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो आणि पंधरा लाखांच्या घरातली मुलं, त्यांचे पालक, मामा-काका सगळे त्याच मिनिटाला सीट नंबर आणि आईचं नाव टाकतात. आता निकाल अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, त्यामुळे भार विभागला जातो. पण रचनेचा प्रश्न म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मी स्वतः एका खासगी क्लासच्या सराव परीक्षांचे निकाल लावतो, खूप छोट्या प्रमाणावर.

निकाल एकदा लागला की दिवसभर बदलत नाही. मग प्रत्येक वेळी डेटाबेसला कशाला विचारायचं? आदल्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याची छोटी फाइल तयार करून ठेवायची. फाइलचं नाव म्हणजे सीट नंबर आणि आईचं नाव एका गुप्त किल्लीने हॅश करून आलेली ओळ. विनंती आली की सर्व्हर तेवढा हॅश काढतो आणि फाइल देतो. डेटाबेस त्या तासात झोपलेला असला तरी चालतो. पीएचपी-एफपीएम किती प्रक्रिया चालवणार आणि मायएसक्यूएलची मूळची १५१ जोडण्यांची मर्यादा, यांचं गणित घालत बसावं लागत नाही. हॅश साधा न काढता गुप्त किल्लीनेच काढायचा, नाहीतर फाइलचं नाव बाहेर बसूनही कोणी बनवू शकेल.

आता दुसरी बाजू. सीट नंबर ओळीने असतात. आईचं नाव हा पासवर्ड नव्हे. त्या पिढीतली सुनीता, मंगल, वैशाली, संगीता अशी नेहमीची नावं घेऊन बसलं तर बऱ्याच मुलांचे गुण बाहेरच्या माणसाला बघता येतील. म्हणून प्रयत्नांवर मर्यादा हवी. ती कशावर लावायची, इथे लोक अडखळतात. आयपी पत्त्यावर लावली तर मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात, त्यात खरी मुलं अडतात. सायबर कॅफेत आणि शाळेच्या लॅबमध्येही तेच. मी मर्यादा सीट नंबरावर लावतो: एका सीट नंबराला काही चुकीची नावं आली की थोडा वेळ त्या नंबराला थांब. आयपीवरची मर्यादा ठेवतो, पण खूप सैल. क्रमांक बदलत एकेक नाव टाकणारा मात्र या सैल जाळीतून काही काळ सुटतो, म्हणून एकूण चुकीच्या उत्तरांचं प्रमाण अचानक वाढलं की फोनवर संदेश येईल असं लावलंय.

क्रमांक ओळीने असणं हा काही निकालापुरता प्रश्न नाही. २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीच्या साइटवर पत्त्यातला आकडा बदलत गेलं की दुसऱ्यांची कागदपत्रं दिसत होती, लॉगिनशिवाय. सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्या होत्या. ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन खाली गेलं आणि पहिला क्रमांक या प्रकाराला मिळाला: हे बघायचा हक्क याला आहे का, हे सर्व्हरने न विचारणं. पावती क्रमांक ४५१२ माझ्या खात्याची आहे का, हे क्वेरीतच लिहा. "पावती ४५१२ आण" असं लिहून मागाहून तपासू नका. "माझ्या खात्यातली पावती ४५१२ आण" असं लिहिलं की विसरायला जागाच उरत नाही, आणि खातं व क्रमांक असा जोड-इंडेक्स असेल तर वेगही तिथेच मिळतो.

---

राईनकाठ

जर्मनीत काम करतो. इथे जीडीपीआर या युरोपच्या माहिती संरक्षण नियमामुळे माहिती फुटल्याचं ७२ तासांत कळवावं लागतं. भारतातल्या मित्रांना मी नेहमी आठवण करून देतो की सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिकडे ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेच्या संचालकांना अपडेटसाठी पैसे मागताना हा कागद टेबलावर ठेवावा.

सहा तासांत कळवायचं तर आधी कळलं पाहिजे काय घडलं. लॉगमध्ये कोण, कधी, कुठल्या नोंदीवर, परवानगी मिळाली की नाकारली, एवढं असलं की पुष्कळ. पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक लॉगमध्ये जाता कामा नये. एरर आली की आलेली अख्खी विनंती लॉगमध्ये ओतायची सवय असेल तर पासवर्ड तिथेच साठत असतो.

---

डोंगरवाट

अभ्यासिका, फाइल करून ठेवायची कल्पना मला लगेच लागू पडते. देवस्थानाच्या यात्रेच्या दिवसांत वेळापत्रकाचं एकच पान हजारो लोक उघडतात आणि वर्डप्रेस ते प्रत्येक वेळी नव्याने बनवतं. ते पान स्थिर करून ठेवतो. देणगीचा फॉर्म मात्र वेगळा, तिथे कॅश नाही.

कृष्णाकाठी, अपलोड फोल्डरचं आत्ताच तपासलं. दोन साइटवर पीएचपी चालत होतं. बंद केलं. शेअर्ड होस्टिंगवर सर्व्हरची सेटिंग हातात नसते, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर त्या फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस (त्या फोल्डरपुरते नियम लिहायची) फाइल टाकून काम झालं.

---

कृष्णाकाठी

उत्तम. तेवढंच एक बघा, ती फाइल अपलोडच्या फॉर्ममधून कोणाला बदलता किंवा नव्याने टाकता येणार नाही ना. चालणारे प्रकार मोजके ठेवा, बाकी सगळं नको. आणि यात्रेपूर्वी होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला तर पुन्हा तपासा, सर्व्हर एनजिनएक्स असेल तर तो ती फाइल वाचतच नाही.

---

नवीकोरी

टर्मिनलताई, तुम्ही सांगितलेलं आमच्या चाचणी सर्व्हरवर करून बघितलं. जेसनमध्ये टोकनच्या जागी 0 पाठवला. आमंत्रण स्वीकारायच्या एपीआयने कोणाचं तरी आमंत्रण स्वीकारलं! टीम लीडना दाखवलं, त्यांनी लगेच काम थांबवून सगळे एपीआय तपासायला घेतले. नियम लावतोय, पण एपीआय खूप आहेत. एखादा सुटला तर? एकदाच कुठेतरी लावता येईल असं काही आहे का?

---

टर्मिनलताई

शाब्बास. नियम लाव, पण त्याच्या आत अजून एक पायरी ठेव. टोकन टेबलमध्ये तसंच साठवायचंच नाही, त्याचा शा-२५६ हॅश साठवायचा. आलेल्या टोकनचा हॅश काढायचा आणि मग शोधायचं. समोरच्याने 0 पाठवला तरी हॅश काढला की ६४ अक्षरांची स्ट्रिंगच होते, आकडा म्हणून डेटाबेसपर्यंत पोचायची वाटच बंद. शिवाय उद्या टेबलची प्रत कोणाच्या हाती लागली तरी त्यातून चालू लिंक बनवता येत नाही. टोकन लांब आणि यादृच्छिक असतं, त्यामुळे इथे बीक्रिप्टसारखा सावकाश हॅश लागत नाही आणि इंडेक्सवरून शोधही होतो.

आमंत्रण, पासवर्ड बदल, ईमेल पडताळणी, सगळी टोकनं एकाच क्लासमधून बनवा आणि शोधा. मग कोडमध्ये "टोकन" हा शब्द शोधायचा, आणि त्या क्लासबाहेर जिथे व्हेअरमध्ये सापडेल तिथे बदल करायचा. चाचणी सर्व्हरवर ज्या खऱ्या लोकांची आमंत्रणं पडली असतील, ती रद्द करायला विसरू नका.